मुठीची ज्वारी

माझ्या लाडक्या लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. पोस्टमनने ते वावराच्या धुऱ्यावरच माझ्या हाती दिले, तेव्हा माझ्या कमरेला कापसाची ओटी बांधलेली होती आणि हात मोकळे नव्हते. म्हणून ते मी पदरात खोचून ठेवले, आणि रात्री तुझे बाबा झोपल्यावर दिव्याजवळ बसून दोनदा वाचले. फोनवर तू रोज बोलतेस, जेवणाचे विचारतेस, कापसाचा भाव विचारतेस; पण जे तू या पत्रात लिहिलेस ते तू फोनवर बोलली नसतीस, आणि मलाही त्याचे उत्तर फोनवर देता आले नसते. म्हणून मीही कागदच घेतला आहे.

तू लिहितेस की नागपुरातल्या मंडळीत रविवारी उपासना सुरू झाली की तुझ्या वयाच्या मुली हात वर करून गातात, कित्येकींच्या डोळ्यांना आनंदाने पाणी येते, आणि तू मात्र दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या थकव्याने बाकावर बसून राहतेस; तुला काहीच वाटत नाही. "आई, माझा विश्वास संपला का? तुला त्या वावरात आणि त्या चुलीपुढे आनंद कुठून मिळतो?" असे तू विचारले आहेस. बाळ, या प्रश्नाची लाज बाळगू नकोस. मीही तो एकदा देवाला विचारला होता, आणि तुझ्याइतक्या सभ्य शब्दांत विचारला नव्हता.

ते वर्ष 2017 होते. तू तेव्हा शाळेत होतीस, म्हणून आम्ही तुला सगळे सांगितले नाही. कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती, झाडाला बोंडे लगडली होती, आणि तुझ्या बाबांनी दिवाळीनंतर घराच्या मागच्या भिंतीचे काम काढायचे ठरवले होते. मग फुले न उमलता मिटलेली, डोमकळ्या झालेली दिसू लागली. गुलाबी बोंडअळीचे हेच वाईट असते, की अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, आणि बोंड बाहेरून हिरवेगार व टणक दिसत राहते. फुटते तेव्हा आत पांढऱ्या कापसाऐवजी पिवळी पडलेली कवडी निघते. आपल्या चार एकरांत ज्या वर्षी पाऊस बरा असेल त्या वर्षी वीस-बावीस क्विंटल कापूस व्हायचा, तो त्या वर्षी सात क्विंटलांवर आला, आणि त्यातलाही बराचसा व्यापाऱ्याने कवडी म्हणून बाजूला काढला. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तुझे बाबा पंप पाठीवर घेऊन गेले की ते परत येईपर्यंत मी दारात उभी राहत असे.

तुझ्या आजीची एक सवय तुला आठवत असेल. रोज सकाळी भाकरीचे पीठ परातीत घेण्याआधी त्या कोठीतून ज्वारीची एक मूठ काढून कोनाड्यातल्या डब्यात टाकायच्या आणि तेवढ्यात एक छोटी प्रार्थना करायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा मंडळीत जायचा, आणि तिथून ज्या घरी गरज असेल तिथे ती ज्वारी पोहोचायची, मग ते घर ख्रिस्ती असो की नसो. त्यांचे हात थरथरू लागल्यावर हे काम त्यांनी माझ्याकडे दिले होते. त्या वर्षी नोव्हेंबरात मी ते बंद केले. रागावून, ठरवून बंद केले. आपल्याच कोठीचा तळ दिसत असताना दुसऱ्याच्या घरी ज्वारी पाठवायला देवाने सांगू नये, असे मला वाटत होते. प्रार्थनाही बंद झाली. ओठ हलत, पण मी कुणाशी बोलत नव्हते.

आजींनी आठ-दहा दिवस पाहिले आणि एके सकाळी चुलीजवळ बसून एवढेच म्हणाल्या, "बाई, देवानं कधी मूठ मोजून देल्ली का वं? मंग तू कायले मोजतं?" मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा त्या स्वतः कोठीत वाकून मूठ भरत होत्या, आणि हात थरथरत असल्याने निम्मी ज्वारी जमिनीवर सांडत होती. मी ती वेचायला खाली बसले. दाणा दाणा वेचताना मला रडू आले, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मी देवाशी खरे बोलले. जे बोलले ते काही स्तुतीचे नव्हते, तक्रारच होती. पण त्या दिवसापासून मूठ पुन्हा सुरू झाली. लगेच आनंद झाला असे मी तुला सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. मूठ आधी आली, आनंद पुष्कळ मागाहून आला. तोही एकदम आला नाही, ओलिताचे पाणी सरीतून शेवटच्या झाडापर्यंत जाते तसा हळूहळू आला.

त्या हिवाळ्यात बुधवारच्या महिला सभेत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचायची पाळी माझ्यावर आली. अंजिराला फूल आले नाही, द्राक्षवेलीला फळ धरले नाही, शेतात अन्न पिकले नाही, वाड्यात मेंढरू उरले नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. तो अध्याय मी आधी कितीदा तरी ऐकला होता. त्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आले की त्याने आपल्या नुकसानीची यादी आधी पूर्ण केली आहे. झाड, वेल, शेत, गोठा, एकही गोष्ट त्याने झाकून ठेवलेली नाही, आणि मग त्याने 'तरी' हा शब्द लिहिला आहे. आपल्याकडे काही लोकांना वाटते की विश्वासू माणसाने दुःखाचे नावच काढू नये. मला ते पटत नाही. ज्याने कवडी कापूस मोजलाच नाही त्याचे 'तरी' पोकळ असते.

पौल प्रेषिताचेही असेच आहे. फिलिप्पै येथील मंडळीला त्याने लिहिलेले पत्र चारच अध्यायांचे आहे, आणि ते लिहिताना तो बेड्यांत होता. त्यात तो पुन्हा पुन्हा आनंद करा म्हणतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो म्हणतो की मिळेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द तू नीट पाहा. एवढ्या मोठ्या प्रेषिताला जे शिकावे लागले ते तुला बाविसाव्या वर्षी येत नसेल, तर त्यात विश्वास संपल्याचे काय आहे? नाडी पाहायला तू पहिल्याच दिवशी शिकली नव्हतीस. तूच सांगत होतीस की पहिल्या महिन्यात तुला दुसऱ्याच्या मनगटावर तुझीच नाडी लागायची.

आता चुलीचे सांगते, कारण तू मुद्दाम विचारले आहेस. मार्था आणि मरीया या बहिणींच्या गोष्टीवर, म्हणजे प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याचे बोलणे ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतून कुरकुरली त्या गोष्टीवर, मी इतके उपदेश ऐकले आहेत, आणि बहुतेक वेळा मार्थेला बोल लावून लोक घरी जेवायला जातात, ते जेवण कुणीतरी मार्थेनेच रांधलेले असते. प्रभू तिला बोलला तो तिच्या कामाबद्दल नव्हे, तिच्या जिवाच्या तगमगीबद्दल बोलला, असे मला वाटते. कारण पुढे योहानाच्या शुभवर्तमानात, भाऊ कबरेत असताना, तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस असे स्पष्ट म्हणणारी हीच मार्था आहे. आणि त्यानंतर बेथानीत प्रभूसाठी भोजन झाले तेव्हाही ती वाढतच होती. तिचे काम सुटले नाही आणि तिला ते सोडायलाही कुणी सांगितले नाही. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तर पुनरुत्थित प्रभू स्वतः तिबिर्याच्या सरोवराकाठी कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी भाजताना दिसतो. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना तो आधी न्याहारीला बोलावतो. पेत्राशी जे महत्त्वाचे बोलायचे होते ते न्याहारी झाल्यावर बोलतो. पहाटे पऱ्हाट्यांच्या काड्या मोडून मी चूल पेटवते तेव्हा मला हा अध्याय हटकून आठवतो, आणि हे काम हलके आहे असे कुणी म्हटले तरी मला आता वाईट वाटत नाही. तू रात्रपाळीवरून आलीस की आधी दोन घास खा आणि झोप. त्यानंतर प्रार्थना कर. त्याला चालते.

आपल्या गावात आपली ख्रिस्ती घरे दोनच, म्हणून उपासनेला नऊ किलोमीटर जावे लागते, आणि वेचणीच्या दिवसांत ते प्रत्येक रविवारी जमत नाही, हे तुला माहीत आहे. पूर्वी याचे मला फार ओझे वाटायचे. आता असा रविवार आला की मी पऱ्हाटीच्या ओळीच्या एका टोकाला एक स्तोत्र सुरू करते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ते मनात म्हणते. आसवे गाळीत पेरणी करणारे आनंदाने कापणी करतील, हे 126वे स्तोत्र मला वावरातच पाठ झाले. सोबतच्या बाया विचारतात, "काय पुटपुटतं वं?" मग मी त्यांना मोठ्याने म्हणून दाखवते. पेरणी, आसवे आणि पेंढ्या त्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. पोळ्यालाही तसेच. आपण पूजा करीत नाही, पण त्या दिवशी बैलांना नदीवर धुतो, त्यांना गोडाचे घास भरवतो आणि त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो, कारण विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात दिली आहे तिथे तुझ्या बैलालाही विसावा दे असे लिहिलेले आहे. हे मी शेजारच्या काकूंना सांगितले तेव्हा त्या किती वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या की तुमचा देव शेतकऱ्याला ओळखतो.

तू पंडिता रमाबाईंबद्दल विचारले होतेस, तुमच्या वसतिगृहात त्यांचे चित्र आहे म्हणून. त्या कोण होत्या हे तुला तिथे कुणीही सांगेल. माझ्या मनात त्यांचे वेगळेच चित्र आहे. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना व विधवांना शेकड्यांनी आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना केवळ गीते शिकवली नाहीत. विणकाम, शेती आणि छापखान्याचे कामही शिकवले. इब्री आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि त्याच सदनातल्या स्त्रियांनी त्याची अक्षरे जुळवली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, त्यांच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या, पण तोवर ते भाषांतर पूर्ण झालेले होते. लेक गेलेली आई टेबलाशी बसून शब्द तपासते आहे, हे मला दिसत राहते. त्या दिवसांत त्यांना काय वाटत असेल हे मला ठाऊक नाही, पण त्यांचे हात कशात गुंतले होते हे ठाऊक आहे, आणि माझ्यासारखीला तेवढा आधार पुरतो.

आता तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीकडे येते, जिच्याकडे तुझे स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही. तीन पाने तू थकव्याचे आणि कोरडेपणाचे लिहिले आहेस, अक्षर घाईचे आणि तिरपे आहे. मध्येच दोन ओळी आहेत, की कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी आहेत, त्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, म्हणून पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून तू तेल लावून ते विंचरलेस आणि वेणी घातलीस, आणि त्या तुझा हात धरून झोपी गेल्या. त्या दोन ओळींत तुझे अक्षर सरळ आणि गोल झाले आहे, शाळेच्या वहीत असायचे तसे. मी दिवा जवळ घेऊन पुन्हा पाहिले. त्या अर्ध्या तासात तुला काही वाटले की नाही, हे तू लिहिले नाहीस. मला वाटते, तेव्हा तू स्वतःकडे पाहतच नव्हतीस. उपासनेत गाणाऱ्या मुलींना तू नावे ठेवू नकोस, त्यांचा आनंदही खराच असेल. पण आपला आनंद त्यांच्या आनंदाशी ताडून पाहू नकोस. तुझ्या आजी कधी हात वर करून गायल्या नाहीत.

इकडे दुसरा वेचा सुरू आहे. तूर फुलावर आली आहे, धुके पडले नाही तर बरी होईल. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीने दुखतो, पण ते ऐकत नाहीत. मामा पुढच्या सोमवारी नागपूरला येतील, त्यांच्याजवळ फल्लीची चटणी, ज्वारीचे पीठ आणि तुझी गोधडी देत आहे. वसतिगृहात चूल नाही हे मला कळते. पीठ तुझ्या मैत्रिणीच्या मावशींकडे दे आणि एखाद्या रविवारी त्यांच्याकडे भाकरी कर. भाजायच्या आधी मूठभर बाजूला काढता आले तर काढ, नाही आले तरी हरकत नाही.

खाटेवरच्या त्या आजींचे नाव आणि गाव मला लिहून कळव. तू ते लिहायचे विसरलीस. बुधवारच्या सभेत आम्हाला त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे, आणि नाव घेऊन प्रार्थना केलेली मला बरी वाटते. त्यांना खोबरेल चालते की तिळाचे तेल लागते, तेही विचार, म्हणजे मामांच्या हाती एक बाटली पाठवता येईल.

तुझी आई