डिफेनबेकर सरोवराकाठच्या काका-काकूंना आभारपत्र

आदरणीय काका आणि काकू,

सादर नमस्कार.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना उन्हाळा लागला की तुम्ही डिफेनबेकर सरोवरावर घेऊन जाता, हे इथल्या रिजायना शहरातल्या अनेकांना ठाऊक आहे. पण तिथे नेऊन तुम्ही नेमके काय देता, हे ज्यांना ते मिळाले त्यांनीच सांगायला हवे, म्हणून हे पत्र आम्ही उघडपणे लिहीत आहोत. त्यात तुमचे नाव मुद्दाम घातलेले नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.

तंबूची पिशवी उघडण्याआधी तुम्ही आम्हांला पाण्याकडे नेलेत आणि हे सरोवर मुळात धरणाचे पाणी आहे, एवढे पक्के लक्षात ठेवा, असे सांगितलेत. दक्षिण सस्कॅचेवान नदीवरचे गार्डिनर धरण १९६७ साली पूर्ण झाले, क्वापेल खोऱ्याच्या तोंडाशी दुसरे धरण उभे राहिले, आणि या दोन भिंतींमागे सुमारे २२५ किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. रिजायनाच्या नळांना बफेलो पाउंड तलावामार्गे येणारे पाणीही बव्हंशी इथलेच. रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळू लागले की मेपासून जुलैपर्यंत पातळी चढत जाते, त्यामुळे वसंतात ऐसपैस दिसणारा वाळूचा काठ ऐन सुट्टीत अरुंद होतो, आणि उंच मातीचे कडे खालून झिजून ढासळतात. मुलांनी कड्याच्या धारेवर उभे राहायचे नाही आणि कयाक रात्री वाळूवर सोडायची नाही, हे दोन्ही नियम तुम्ही कारणासकट सांगितलेत, म्हणूनच मुलांनी ते आढेवेढे न घेता पाळले. पायपिंग प्लव्हर नावाचा फिकट रंगाचा छोटा पक्षी याच उघड्या, खडेरी काठावर अंडी घालतो आणि चढत्या पाण्यात त्याची घरटी बुडतात, हे कळल्यापासून आमची धाकटी काठावर पावले जपून टाकते.

वाऱ्याविषयी तुम्ही जे शिकवलेत, त्याचे ऋण सर्वांत मोठे आहे. माळरानावर वाऱ्याला अडवणारे काही नसते आणि एवढ्या लांब पाण्यावर लाटांना वाढायला भरपूर वाव मिळतो. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी छोट्या नावेला पेलवत नाही. म्हणून कयाक सकाळी, तीही जीवनरक्षक जाकीट घालून आणि काठ धरून. पश्चिमेला ढगांची काळी भिंत दिसली की हातातले काम टाकून किनाऱ्याला. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे हवी, ताणदोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणायच्या, खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येऊ द्यायची नाही, नाहीतर पावसाचे पाणी तीच आत ओढते. तुमचा आरव्ही, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर, तुम्ही पश्चिमेच्या जागेवर उभा केलात आणि आमचा तंबू त्याच्या आडोशाला लावून घेतलात. त्या रात्री वादळ आले, ऑनिंग, म्हणजे आरव्हीच्या बाजूचे कापडी छत, तुम्ही झोपण्यापूर्वीच गुंडाळून ठेवलेली होती, आणि आम्ही कोरड्या अंथरुणात होतो.

आरव्ही बरा की तंबू, हा वाद आपल्या मंडळींत नेहमी रंगतो. आमच्या मते तीन पिढ्यांच्या कुटुंबाला दोन्ही हवेत. सोलापूरहून आलेल्या माझ्या आईचे गुडघे दुखतात; रात्री अंधारात सामायिक स्वच्छतागृहापर्यंत चालणे तिला जमले नसते. काकू, तुम्ही तिला आरव्हीतला स्वतःचा पलंग दिलात, पहाटे तिच्यासोबत चहा घेत बसलात, आणि तिच्या पथ्याची भाकरी प्रोपेनच्या शेगडीवर भाजून दिलीत. मुले मात्र तंबूत राहिली, आणि या अक्षांशावर जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड रेंगाळतो, तो त्यांनी पुरेपूर वापरला.

पुढे तुम्ही आम्हांला ट्रेलर हाताळायला शिकवलेत. आधी डावी-उजवी बाजू ठोकळ्यांवर समतल करायची, मग चाकांना अडसर लावायचे, त्यानंतरच हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारी कडी, सोडायची. विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद असतानाच प्लग जोडायचा. तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवायचे नाहीत. आणि निघताना डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, आधी शौचालयाची टाकी, मग धुण्याभांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे शेवटचे काम तुम्ही स्वतः हातमोजे घालून करून दाखवलेत, ते आम्ही विसरणार नाही. घरून जळाऊ लाकूड आणायचे नाही, हाही तुमचाच दंडक. एल्म नावाच्या झाडाच्या सालीतल्या भुंग्यांमुळे पसरणारा रोग शहरांतली झाडे मारतो, आणि या प्रांतात एल्मचे लाकूड बाळगणे वा वाहून नेणे बेकायदाच आहे.

शेकोटीपाशी तुम्ही मिस्तासेनी शिळेची हकिकत सांगितलीत. एल्बो गावाजवळ हिमनदीने आणून टाकलेली, बसलेल्या गव्यासारखी दिसणारी, सुमारे ४०० टनांची ती शिळा इथल्या मूळनिवासी क्री लोकांना पवित्र होती. धरणाचे पाणी चढणार म्हणून तिला हलवण्याचे प्रयत्न झाले, ते फळले नाहीत, आणि १९६६ मध्ये ती सुरुंगाने फोडण्यात आली. तुमचे बोलणे ऐकता ऐकता आईने उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या पळसदेवच्या देवळाची आठवण काढली. पाणी उतरले की ते देऊळ वर येते, ही शिळा मात्र परत दिसायची नाही, असे ती म्हणाली. ज्या काठावर आपण सुट्टी घालवतो, त्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, याचे भान मुलांना तुमच्यामुळे इतक्या लवकर आले. त्याबद्दल आम्ही विशेष कृतज्ञ आहोत.

तुम्ही दिलेले तंबू, ठोकळे आणि कंदील आम्ही परत करायला आलो, तेव्हा ते पुढच्या कुटुंबाला द्या, असे तुम्ही सांगितलेत. तसे ठरले आहे. नुकतेच मूझ जॉ शहरात आलेले एक जोडपे जुलैत आमच्यासोबत याच सरोवराकाठच्या डग्लस प्रांतिक उद्यानात येत आहे. आरक्षण वसंतात खुले होताच आम्ही शेजारशेजारच्या तीन जागा घेऊन ठेवल्या आहेत. त्यांतली सर्वांत पश्चिमेची तुमच्यासाठी आहे. तुम्ही दोघांनी यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले नम्र,
रिजायनातील एक कुटुंब