कार्ड ऐच्छिक म्हणता, मग नको म्हणणाऱ्याचं काम अडता कामा नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. आधार, पॅन, मतदान कार्ड, रेशन कार्ड, आरोग्याचं आभा, असंघटित कामगारांचं ई-श्रम असली पाकीटभर कार्डं सांभाळण्यापेक्षा देशात एकच राष्ट्रीय ओळखपत्र काढावं, ते ऐच्छिक ठेवावं आणि सुरुवात सरकारी कर्मचाऱ्यांपासून करावी म्हणजे जनतेचा विश्वास बसेल, असं त्यांचं म्हणणं. पत्र मनापासून लिहिलेलं होतं आणि त्यातली तक्रार खरी आहे, माझ्याच घरात कपाटाचा एक कप्पा झेरॉक्सनी भरलाय. पण "आधी कर्मचाऱ्यांना, मग जनतेला" हे जे त्यांनी सुचवलंय त्याला माझा ठाम विरोध आहे, आणि मी जिल्हा परिषदेत नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे म्हणून विरोध आहे.

कारण ऑफिसात ऐच्छिक गोष्ट कशी चालते ते मी बघितलंय. वरून पत्र येतं, त्यात ऐच्छिक असं लिहिलेलं असतं, आणि त्याच पत्राच्या खाली शेवटच्या ओळीत "शंभर टक्के काम पूर्ण करून अहवाल सादर करावा" हेपण लिहिलेलं असतं. मग आढावा बैठक लागते, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता पडतो, कुठला तालुका किती टक्के, मागे असलेला लाल रंगात. ज्याने अजून फॉर्म भरला नाही त्याचं नाव मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जातं. अशा वेळी कुठला शिपाई, कुठली अंगणवाडी सेविका, कुठला कंत्राटी ऑपरेटर उभं राहून म्हणणार आहे की साहेब मला नको? ज्याची बदली, वेतनवाढ, करारनाम्याचं नूतनीकरण साहेबाच्या सहीवर आहे त्याची संमती ही संमती म्हणून मोजूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुढचं जास्त वाईट आहे. हाच कर्मचारी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसतो आणि समोरच्या माणसाला म्हणतो, मला काढावं लागलं ना, मग तुम्हीपण काढा, त्याशिवाय अर्ज घेणार नाही. त्याला वाटतं तो नियमच पाळतोय.

हे काही माझ्या कल्पनेतलं नाही, आधारच्या बाबतीत असंच झालं. 2009 साली आधार देणारं सरकारी प्राधिकरण, म्हणजे यूआयडीएआय, स्थापन झालं, 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार नंबर दिला गेला. तेव्हा सगळीकडे हेच सांगत होते की ज्याला हवं त्याने घ्यावं. 23 सप्टेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कोणाचंही नुकसान होऊ नये. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 2014 ला, दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात आधारवर चालणारी बायोमेट्रिक हजेरी सुरू झाली. म्हणजे कोर्टाचा आदेश जिवंत असताना कर्मचाऱ्याला मात्र रोज सकाळी आधारवरच हजेरी लावायला लागली. पुढे 2016 चा आधार कायदा आला, 2017 मध्ये बँकेचे, मोबाईल कंपन्यांचे मेसेज सुरू झाले की लिंक करा नाहीतर खातं बंद, सिम बंद, आठवत असेल सगळ्यांना. 26 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला, आधार कायदा टिकवला पण बँक खातं आणि सिमची सक्ती काढली, शाळाप्रवेशाला आधार मागता येणार नाही असं सांगितलं. चार विरुद्ध एक असा निकाल होता, आणि तो एक म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, त्यांनी तर अख्खा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. आता माझं म्हणणं एवढंच की या निकालाला इतकी वर्षं झाली, पण आज सोलापुरात सिम घ्यायला गेलात तर दुकानदार पहिल्यांदा काय मागतो? दुसरं कागदपत्र चालतं हे त्याला कोणी सांगितलंच नाही, आणि आपणपण विचारत नाही.

आता आपल्या गावाबद्दल बोलतो, कारण ओळखपत्राचा प्रश्न सोलापूरला जेवढा लागतो तेवढा थोड्याच शहरांना लागत असेल. आपल्याकडं घराघरात विडी वळणाऱ्या बायका आहेत. तेंदूपान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, दिवसभर हेच, वर्षानुवर्षं. बोटांची पेरं गुळगुळीत होऊन जातात. माझी आईपण विड्या वळायची, तिच्या शेवटच्या काही वर्षांत रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता. दुकानदार चांगला माणूस होता, पुसून लाव म्हणायचा, दुसरं बोट लाव म्हणायचा, आणि ती घरी येऊन म्हणायची, "अंगठा येईना की रे, मीच आहे म्हणून कसं सांगू मी." मागं रांगेत सगळा मोहल्ला उभा, सगळे ओळखतात तिला, आणि मशीन म्हणतंय ओळख पटत नाही. यंत्रमागावर काम केलेल्यांचं, वीटभट्टीवाल्यांचं हेच आहे. खरं म्हणजे आधार कायद्याच्या कलम 7 मध्येच लिहिलंय की ज्याला आधार नंबर मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यायचा, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये यूआयडीएआयनं स्वतः परिपत्रक काढलं होतं की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका, वहीत नोंद करा आणि लाभ द्या. नियम आहे, चांगला आहे. पण ती वही किती दुकानात ठेवलेली दिसते ते वाचकांनीच आठवून बघावं.

याच बायकांकडं अजून एक कार्ड असतं, विडी कामगाराचं ओळखपत्र. 1976 च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली जे कल्याणाचं काम चालतं, दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, त्याला ते लागतं. ते कार्ड घ्या म्हणून कोणाच्या मागं लागावं लागत नाही. बायका स्वतः युनियनच्या ऑफिसात जाऊन फॉर्म भरतात, कारखानदार सही देत नसेल तर त्याच्याशी भांडतात, मोर्चा काढतात, आणि मिळालं की प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवतात. कारण त्या कार्डानं काहीतरी मिळतं आणि ते दाखवलं तर कोणी आणखी चार गोष्टी विचारत नाही. सरकारला खरंच ऐच्छिक कार्ड काढायचं असेल तर अभ्यासाला दिल्लीहून लांब कुठं जायची गरज नाही, सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात या आणि बायकांना विचारा.

दुसऱ्या बाजूला आपल्याच शहरात सेटलमेंट आहे. नव्या पोरांना ते फक्त एका वस्तीचं नाव वाटतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, हा कायदा मूळचा 1871 चा, कैकाडी, पारधी, भामटा अशा समाजांना जन्मानंच गुन्हेगार ठरवून काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं. नोंदणी सक्तीची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं पण परवानगीशिवाय बाहेर राहायचं नाही. स्वातंत्र्य 1947 ला आलं, या लोकांचं स्वातंत्र्य आलं 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून ते विमुक्त दिन साजरा करतात. ज्यांच्या आजोबांचे ठसे सरकारनं त्यांच्यावर पाळत ठेवायला घेतले त्यांना आज ठसे द्या, ओळखपत्र काढा म्हटलं तर दोन मिनिटं विचार करायचा हक्क आहे की नाही? आणि गंमत बघा, नाही, गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की आज कागदपत्रांवाचून सगळ्यात जास्त अडतंय तेपण यांचंच. जन्मदाखला नाही, जातीचा दाखला काढायला जुना पुरावा नाही, राहायचा पत्ता पक्का नाही. त्यामुळं कार्डच नको असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याला पाहिजे त्याला ते पालावर जाऊन, फुकट, दहा कागद न मागता द्या. ज्याला नको त्याला सोडा. दोन्ही एकदम करता आलं पाहिजे.

विलायतेत हा प्रयोग झालेला आहे आणि तिथंपण कर्मचाऱ्यांपासूनच सुरुवात करायचा बेत होता. 2006 ला त्यांनी ओळखपत्राचा कायदा केला, आणि मँचेस्टर आणि लंडन सिटी विमानतळावर आतल्या भागात काम करणाऱ्यांना ते सक्तीचं करायचं ठरवलं. पायलट आणि कामगार संघटनांनी असा विरोध केला की 2009 ला गृहमंत्र्यांना सक्ती मागं घ्यावी लागली. मग मँचेस्टरच्या लोकांना 30 पौंड घेऊन ऐच्छिक कार्ड दिलं. देशभर मिळून साधारण 15 हजार कार्डं गेली, 2010 ला सरकार बदललं, नव्या सरकारनं कायदाच रद्द केला, आणि 2011 च्या सुरुवातीला त्या नोंदणीच्या हार्ड डिस्क नष्ट केल्या. ज्यांनी हौसेनं पैसे भरून कार्ड घेतलं त्यांना पैसेपण परत मिळाले नाहीत. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात 1939 ला त्यांच्याकडं ओळखपत्र आलं होतं, युद्ध संपलं तरी पोलीस ते मागतच राहिले. 1950 ला क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसानं पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला, केस झाली, मुख्य न्यायाधीशांनी त्याला दोषी धरलं पण शिक्षा न देता सोडलं, आणि युद्धासाठी केलेला कायदा रोजच्या कामाला वापरता म्हणून सरकारलाच सुनावलं. 1952 च्या फेब्रुवारीत ते कार्ड बंद झालं. तिथं नाही म्हणणाऱ्याच्या मागं संघटना उभी राहिली, कोर्ट उभं राहिलं. आपल्याकडं एकट्या माणसाला काउंटरवर नाही म्हणावं लागतं, तेपण लाइट बिल, पोराचं ॲडमिशन, आईचं रेशन अडकलेलं असताना.

आत्ता ताजं उदाहरण शाळेतलं. विद्यार्थ्यांचं अपार कार्ड, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख नंबर. त्याला पालकांचं संमतीपत्र लागतं, म्हणजे पालक नाही म्हणू शकतो. पण मुख्याध्यापकांवर टक्केवारीचा दबाव, वर्गशिक्षकांवर मुख्याध्यापकांचा, आणि शिक्षक पालकांना फोन करून म्हणतात उद्या सही पाठवा. शिक्षकांचा यात दोष नाही, माझी सून शिक्षिका आहे, रात्री अकराला ती पोर्टलवर नावं भरत बसते. आपल्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात तर एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर नरसप्पा, आधारवर नरसय्या, रेशन कार्डावर नरसिंह, स्पेलिंग तिन्हीकडं वेगळं, की पोर्टल घेत नाही. मग आधी आधार दुरुस्ती, त्यासाठी रजा टाकून रांग, एक दिवसाची मजुरी गेली. हा खर्च कुठल्या योजनेच्या बजेटमध्ये धरला जात नाही.

म्हणून माझी मागणी अशी. उद्या असं राष्ट्रीय ओळखपत्र आलंच तर त्याला टार्गेट देऊ नका, कुठल्याच जिल्ह्याला, कुठल्याच ऑफिसला. कर्मचाऱ्यांपैकी किती जणांनी घेतलं हे वरिष्ठांना दिसताच कामा नये, हजेरी आणि पगार त्याच्याशी जोडायचा नाही. फॉर्मवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा की हे कार्ड नसलं तरी तुमचं कुठलंही काम थांबणार नाही, आणि त्याच्या ऐवजी कोणकोणती कागदपत्रं चालतात, आणि सोलापुरात ते मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतपण लिहा, नाहीतर अर्ध्या शहराला कळणार नाही. ज्याने माहिती दिली त्याला ती परत घ्यायचा, नाव काढून टाकायचा मार्ग ठेवा. आणि जो काउंटरवाला कार्ड नाही म्हणून परत पाठवेल त्यानं तसं लेखी द्यायचं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तोंडी "उद्या या" चा कुठं पुरावाच राहत नाही. आपल्याकडं 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहेच, त्यात अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. नवीन कायदा न करतासुद्धा हा हक्क आजच वापरता येतो, फक्त लोकांना माहीत नाही.

तेव्हा संपादक साहेब, तुमच्या पेपरला एक विनंती आहे. तुमच्या वार्ताहरांना एक दिवस रेशन दुकानात, सेतू केंद्रात, शाळेत, दवाखान्यात साधा माणूस म्हणून पाठवा, आधार सोडून दुसरं ओळखपत्र पुढं करायला सांगा, आणि कुठं काय उत्तर मिळालं ते ठिकाणासकट छापा. अंगठा न जुळल्याची नोंदवही कुठं आहे आणि कुठं नाही तेपण विचारा. जिल्हाधिकाऱ्यांकडं जायला माझ्यासारख्या दोन-चार रिटायर लोकांची तयारी आहे, पण हातात छापील बातमी असली तर आमचं ऐकून घेतील.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद कर्मचारी
अशोक चौक परिसर, सोलापूर