राखीव म्हणून विकलेले कोअर राखीव नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आंबा प्रतवारी यंत्राच्या नियंत्रण संगणकाबाबत तक्रार

महोदय,

आमच्या देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये तुमचे यंत्र याच हंगामात बसवले. पट्ट्यावरचे फळ काट्यावर येते, वजन होते आणि त्याच्या खणासमोर फ्लॅप उघडतो. फ्लॅपला जरा उशीर झाला की फळ पुढच्या खणात पडते. चार डझनी पेटीत बारीक फळे निघाली की वाशीचा दलाल अख्ख्या पेटीचा दर पाडतो. नाव आमच्या बागेचे जाते.

हा घोळ यंत्राच्या नियंत्रण संगणकावर फोटोंचा बॅकअप चालू असतानाच होतो. तुमच्या माहितीपत्रकात 'चारपैकी दोन कोअर फक्त नियंत्रणासाठी राखीव' असे छापले आहे; कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. प्रत्यक्षात टास्कसेट (प्रोसेसला ठरावीक कोअरवर बांधणारी लिनक्सची आज्ञा) वापरून नियंत्रणाची प्रोसेस कोअर २ आणि ३ वर बांधली आहे, तीही साध्या प्राधान्याने. त्यामुळे ती प्रोसेस बाहेर जात नाही, पण इतरांना आत यायला कोणीच अडवत नाही. कोणते काम कोणत्या कोअरवर चालवायचे हे ठरवणारा शेड्यूलर भार वाटताना बॅकअपही त्याच कोअरवर आणून बसवतो. गणपतीत कोकण रेल्वेच्या आरक्षित डब्यात शिरणाऱ्या गर्दीसारखाच हा प्रकार आहे.

प्रोसेसच्या गटांना कोअर वाटून देणारी लिनक्सची सोय म्हणजे सीपीयूसेट; नियंत्रण गटाच्या सीपीयूसेटची पार्टिशन फाइल मी उघडून पाहिली. तिथे 'मेंबर' आहे, म्हणजे विभाग केलेलाच नाही. 'रूट' लिहिले असते तर ते दोन कोअर इतर गटांकडून काढून घेतले गेले असते आणि भारवाटप त्या हद्दीतच राहिले असते. तुमच्या बॉक्समधल्या ५.१५ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीत) ही सोय आहे. भारवाटप पूर्ण बंद करणारा 'आयसोलेटेड' प्रकार ६.१ मध्ये आला, पण आमचे काम 'रूट'ने भागेल.

तुमच्या प्रतिनिधीने आठ कोअरचा बोर्ड विकत घ्यायला सुचवले. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. कोअर वाढवून गर्दी विरळ होईल, पण राखीव काहीच होणार नाही.

त्या दोन कोअरचे पार्टिशन करून द्या. डिस्क आणि नेटवर्कचे इंटरप्ट (कोअरचे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) पार्टिशनने आपोआप हटत नाहीत, तेही कोअर ० आणि १ कडे वळवा. नियंत्रणाला रिअल-टाइम प्राधान्य द्या, म्हणजे साध्या कामांआधी त्याला कोअर मिळेल. काढणी जोरात आहे, तेव्हा हे काम रात्री पट्टा बंद असताना करावे आणि सकाळी बॅकअप चालू ठेवून प्रतवारी करून दाखवावी. तोपर्यंत उरलेला हप्ता आम्ही रोखून धरत आहोत.

आपला,
एक बागायतदार, देवगड