वहीतले मार्क

लालबाग, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, ‘नंदू, काल मोबाइलवर तो भुताचा पुराना मंदिर पाहिला. हसून हसून पुरेवाट झाली. याला आपण घाबरायचो? किती बावळट होतो रे आपण!’ मी तेव्हा काही बोललो नाही, पण जेवायला बसलो तरी तोच शब्द डोक्यात फिरत होता. आपण दहा-अकरा वर्षांचे होतो, पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला वहीत मार्क देत होतो, बावळट नव्हतो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. सवडीनं वाच.

आधी ती रात्र आठव. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्यानंतर बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. तीनेक वर्षांनी मजल्यावर व्हीसीआर भाड्यानं आणायचं ठरलं, घरटी वर्गणी निघाली. आईनं पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि पुन्हा बांधून ठेवले. बाबांनी मात्र शर्टाच्या खिशातून नोट काढून तुझ्या वडलांच्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. त्या महिन्यात आमच्याकडे दुधाचा रतीब बंद होता, हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं.

टीव्ही तुमच्या खोलीच्या दारात ठेवला होता आणि सगळा मजला गॅलरीत चटया अंथरून बसला होता. आधी म्हाताऱ्यांसाठी देवाधर्माचा सिनेमा, मग अमिताभ, आणि रात्री एकनंतर तिसरी कॅसेट, पुराना मंदिरची. आपल्याला झोपायला सांगितलं होतं, पण कोण झोपतंय! मधेच व्हीसीआरचं हेड खराब होऊन पडद्यावर मुंग्या आल्या, तर सगळे एकदम ओरडले. ते साफ करेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. त्यातल्या सामरी राक्षसाचं मुंडकं पेटीत बंद आणि धड देवळामागे पुरलेलं, एवढं कळल्यापासूनच तू माझा दंड धरून ठेवला होतास. पहाटे गॅलरीच्या टोकाला सामाईक संडासाकडे जायची वेळ आली तेव्हा मोठी माणसंही जोडीनं गेली. तुझी आजी रामरक्षा म्हणत बसली होती.

त्या रात्रीच्या मानानं तू मोबाइलवर काय पाहिलंस सांगू? दुपारी, लख्ख उजेडात, ठाण्याहून येताना गाडीत, एका हातानं दांडी धरून, मधे दोन फोन घेऊन, गाणी पुढे ढकलत. सिनेमा तोच असेल. पण लांबलचक जिना, हळूहळू उघडणारं दार, धुराआडून येणारा हिरवा-निळा उजेड, हे सगळं अंधारात, शेजारचा माणूस श्वास रोखून बसलेला असताना बघायचं म्हणून केलेलं आहे. उजेडात पाहिलं की मागे फक्त मुखवटा उरतो.

मुखवट्याला तू हसलास म्हणून ज्यांनी तो केला त्यांच्याबद्दल सांगतो. रामसे म्हणजे सात भाऊ. वडलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा तेच दुकान थाटलं. पुढे सिनेमात उतरले तेव्हा भावाभावांनी कामं वाटून घेतली. गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, कुमार लिहायला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. दो गज़ ज़मीन के नीचे १९७२ चा, पुराना मंदिर १९८४ चा, वीराना १९८८ चा. मोठ्या नटांच्या तारखा परवडत नाहीत तर भूतच मोठं करावं, हा त्यांचा साधा हिशेब. सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिकलेला इंजिनिअर होता. हे मला उशिरा कळलं आणि त्याच्याबद्दलचा आदर वाढला. एवढी उंची, एवढा चेहरा, आणि तो त्यानं मन लावून वापरला.

आमच्या नव्या इमारतीत सगळे जुने मजले एकमेकांवर रचल्यासारखे झालेत. माणसं तीच आहेत, पण दारं बंद असतात. यंदा कोजागिरीला मी गच्चीवर पडदा लावला. लॅमिंग्टन रोडवरून प्रोजेक्टर भाड्यानं आणला, मसाला दूध खालच्या वहिनींनी आटवलं, आणि पोरांनी झपाटलेला निवडला. म्हटलं, १९९३ चा बाहुला मोबाइलवर वाढलेल्या या पोरांना काय घाबरवणार! पण तात्या विंचू पहिल्यांदा स्वतःहून मान वळवतो तेव्हा पुढच्या रांगेतली चार-पाच मुलं उठून आयांच्या मांडीवर गेली. नंतर मी एका नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘अरे, तू तर याहून भयंकर बघतोस ना रोज?’ तो थोडा विचार करून म्हणाला, ‘त्यातली भुतं कॉम्प्युटरमध्ये असतात काका. हा खरा आहे. हा आपल्या घरात ठेवता येतो.’

बाळ्या, इतकं नेमकं मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला खरोखर लाकूड-कापडाच्या जगातला आहे. त्याला वजन आहे, त्याची सावली पडते, आणि प्रभावळकरांचा आवाज त्याच्या तोंडून येतो. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानं मुद्द्यावर बोट ठेवलं. माझा भाचा लगेच म्हणाला, ही कल्पना १९८८ च्या चाइल्ड्स प्ले या इंग्रजी सिनेमावरून घेतलीय. घेतली आहे, ते खरंच. गुन्हेगाराचा जीव बाहुल्यात शिरतो, हे तिथलंच. पण त्या मुलाची भीती कुठून घेतलेली नव्हती.

तेव्हापासून मी माणसांना विचारत सुटलोय. जाणकारांना नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, दुधाच्या रांगेत. जुन्या सिनेमांबद्दल लोक किती खरं बोलतात! आईला विचारलं. तिला भुताचा सिनेमा म्हटला की हा खेळ सावल्यांचा आठवतो, १९७६ चा, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा. गोष्ट तिला धड आठवेना. ‘काजळ रातीनं’ हे गाणं मात्र आठवलं. रात्रीनं साजण ओढून नेला, असं आहे ना त्यात. म्हणाली, ‘तुझ्या बाबांना तेव्हा रात्रपाळी होती. ते गाणं लागलं की मला वाटायचं, भोंगा वाजला आणि नेलं यांना.’ मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आता या सिनेमाला मी मार्क कसे देऊ?

आमच्या विंगेत एक निवृत्त मोटरमन आहेत. त्यांना शोलेतला गब्बर वगैरे काही विशेष वाटत नाही. त्यांच्या मते सिनेमा आहे तो सुरुवातीच्या गाडीच्या लढाईत. पनवेलजवळ त्या एका प्रसंगाचं शूटिंग सात आठवड्यांवर चाललं होतं. ‘रुळावर रचलेल्या ओंडक्यांवर इंजिन जातं ना, ते वजन खोटं नाही. इंजिन कधी खोटं बोलत नाही,’ असं ते म्हणतात. मी तो प्रसंग चाळीस वेळा तरी पाहिला असेन, पण इंजिनकडे कधी पाहिलंच नव्हतं. आणि तुला माहीतच आहे, १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा धंद्यातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात पडला म्हणून सांगितलं होतं. मग बघून आलेले घरी सांगू लागले, आणि तो मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. मिनर्व्हाही लॅमिंग्टन रोडचंच होतं. सिनेमा कळणाऱ्यांआधी तो सिनेमा बघणाऱ्यांना कळला होता.

बघणारेही चुकतात, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये आपण अग्निपथला गेलो होतो. अमिताभनं पहिलं वाक्य म्हटलं आणि मागून ओरडा सुरू झाला, ‘आवाज! आवाज!’ लोकांना वाटलं यंत्रात बिघाड आहे. त्यानं मुद्दाम घोगरा, घशातून खरडून काढलेला आवाज लावला होता. पुढे त्याच भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तेव्हा माणसं चिडून बाहेर पडली. तिसऱ्या मजल्यावरचे काका त्या ओरडणाऱ्यांतले. त्यांनी आपण होऊन सांगितलं, ‘मी चुकलो होतो. मला माझा अमिताभ हवा होता, तो विजय चौहान घेऊन आला.’ गेटवेवरून लाँचनं मांडव्याला, म्हणजे सिनेमातल्या विजयच्या गावाला, जाताना त्यांना आता तो आवाज आठवतो म्हणे. तीसेक वर्षांनी आपलं मत असं उघड बदलणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मारामारीच्या सिनेमांचं थोडक्यात. आमच्या कराटे शिकवणाऱ्या पोरानं एंटर द ड्रॅगन पहिल्यांदाच पाहिला. सिनेमा अमेरिकेत लागण्याआधीच, २० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला, हे मी त्याला सांगितलं तर तो गप्पच झाला. म्हणाला, ‘यात पाय उचलल्यापासून खाली येईपर्यंत पूर्ण दिसतो. आता तुकडे करून दाखवतात, म्हणून कुणाचाही पाय चालतो.’ तू वहीत ब्रूस लीच्या पानावर पायाचं चित्र काढलं होतंस, आठवतंय?

आता ज्यावरून माझं वाजलं ते. कॉलेजातली एक मुलगी हटून बसली, गच्चीवर गुंडा लावा म्हणून. कांति शाहांचा, १९९८ चा, मिथुनचा. तिच्या सगळ्या ग्रुपला त्यातले यमकातले संवाद पाठ. लागला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता त्याचे भक्त आहेत. ती म्हणते, बोलण्याचा तो ठेका वेगळाच आहे, तसं कुणी लिहीतच नाही. ठेक्याचं मला पटतं. पण त्यात बायकांची जी विटंबना आहे ती चार पोरांनी एकत्र हसत बघायची, हे मला सोसत नाही. मी सरळ नाही म्हटलं. ती रागावली, आठवडाभर लिफ्टमध्ये बोलली नाही. मग एका रात्री येऊन म्हणाली, ‘काका, एकटीनं पाहिला तो. अर्ध्यात बंद केला.’ मी तिला जिंकलो-बिंकलो असं नाही, तिच्या मताची मला कदरच आहे. पण त्यावरून मला कळलं की घोळक्यात हसण्यासाठी लावलेला सिनेमा कुणी पाहत नसतं. तू पुराना मंदिरचं तेच केलंस, फक्त घोळका नव्हता.

लोक मनापासून परत जातात तेव्हा काय होतं तेही बघ. तुंबाड २०१८ मध्ये आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. मी आईला घेऊन गेलो होतो. पावसाचं ते गाव, तो वाडा, तो हस्तर. मध्यंतरात ती एवढंच म्हणाली, ‘कोकणातला पाऊस असाच असतो, दार ढकलून आत येतो.’ भुताबद्दल अवाक्षर नाही.

दादरचं चित्रा थिएटर २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा तू पुण्यात होतास. मी संध्याकाळी मुद्दाम स्टेशनवरून त्या बाजूनं गेलो. तिकीट खिडकीसमोर, मॅटिनीला आपण उभे राहायचो तिथं, एक माणूस पाठीवरची पिशवी खाली ठेवून पोस्टरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होता. ओळख नाही, पाळख नाही. मी शेजारी जाऊन थांबलो. तो म्हणाला, ‘इथं माझ्या भावाबरोबर शेवटचा सिनेमा पाहिला होता.’ कुठला, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून तुला सांगतोय, बाळ्या. आपल्या वहीत भीती, मारामारी आणि गोष्ट असे तीन रकाने होते, दहापैकी मार्क, आणि खाली कुणाबरोबर पाहिला त्याचं नाव. ती बावळट पोरांची वही नव्हती. त्या पोरांनी जे वाटलं तेच लिहिलं होतं, कुणाला दाखवायला नाही. मोठेपणी आपण असं एक तरी मत दिलंय का? मी तरी ऑफिसात चार लोक काय म्हणतात ते ऐकून मगच तोंड उघडत आलो.

पुराना मंदिरच्या पानावर तू भीतीचे मार्क एकदा लिहून खोडले होतेस आणि पुन्हा लिहिले होतेस, हे मला पक्कं आठवतं. वाढवले होतेस की कमी केले होतेस, ते काही केल्या आठवत नाही. चाळ रिकामी करताना वही तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेत गेली होती. वहिनींना विचार, त्या काही टाकत नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला गच्ची मोकळी आहे, प्रोजेक्टरही सांगून ठेवलाय. शनिवारी दुपारच्या गाडीनं ये. आई तुझ्यासाठी घावन घालणार आहे. रात्री एकनंतर तोच सिनेमा लावू, दिवे सगळे बंद करून. वही सापडली तर फोटो पाठवू नकोस, वहीच घेऊन ये. पेन्सिल माझ्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू