एक सेकंद बाकी असताना

महोदय,
रविवारी, १४ एप्रिल २०२४ ला, सकाळी साडेसातपासून अमळनेरला आम्ही चौघे मित्र टीव्हीसमोर होतो. लास वेगासला तेव्हा शनिवारची रात्र होती, यूएफसी ३०० ची, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव सगळंच चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींची. मॅक्स हॉलोवे पाचव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतही जस्टिन गेथजीच्या पुढे दिसत होता. दहा सेकंद राहिले. पळून वेळ काढता आला असता. पण गडी मधोमध उभा राहिला, बोटाने जमीन दाखवली आणि गेथजीला समोर बोलावलं. पाच मिनिटांच्या फेरीत ४ मिनिटे ५९ सेकंदांना गेथजी तोंडावर कोसळला. माझ्या अंगावर अजून काटा येतो. नंतरच्या मुख्य लढतीत अ‍ॅलेक्स परेराने जमाल हिलला पहिल्याच फेरीत झोपवलं, तेही जबरदस्तच.

आमचे वडील जत्रेच्या दंगलीत कुस्ती खेळलेले. ठोसे त्यांना बघवेनात. मात्र महिलांच्या लढतीत झांग वेइलीने मागून यान शाओनानचा गळा आवळला तेव्हा तेच ओरडले, "डाव बसना रे भाऊ!"

संपादकसाहेब, या खेळाची बातमी रक्ताळलेल्या चेहऱ्याच्या फोटोपुरती न ठेवता डावांसकट छापा, एवढी कळकळीची विनंती.

— एक कुस्तीप्रेमी, अमळनेर