मंत्रिमहोदय, रात्री दहानंतर कोल्हापुरात राज्य कुणाचं असतं?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य.
(खात्याचं नाव कोरं सोडलं आहे. कारण पुढं येईल.)

स. न. वि. वि.

रविवारी रात्री आमच्या गल्लीतून एका मंडळाच्या गणपतीची आगमन मिरवणूक गेली. गेली म्हणजे साडेनऊला आली आणि दीडला हलली. त्याच्या आधीच शांतता समितीची बैठक झाली होती. तिथं एका साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं, यंदा दहाला आवाज बंद म्हणजे बंद, कुणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही. टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली आणि म्हटलं, चला, यंदा लेकराला झोप मिळेल.

माझा धाकटा साडेतीन महिन्यांचा आहे. शनिवारी त्याला डोस दिला. दोन्ही मांड्यांना सुया, त्यामुळं रात्रभर किरकिर आणि अंगात कणकण. रविवारी दिवसभर खांद्यावरून उतरला नाही. साडेआठला ताप उतरला आणि पोरगं एकदाचं झोपलं. मी जेवायला बसले आणि कोपऱ्यावर पहिलं गाणं सुरू झालं.

आपण साउंड सिस्टीम बहुतेक व्यासपीठावरून ऐकत असाल, म्हणून घरातून ती कशी ऐकू येते ते सांगते. गाणं ऐकूच येत नाही, बेस येतो. खिडक्या लावा, फटीत टॉवेल कोंबा, तो भिंतीतून येतो. फडताळातली ताटं एकमेकांवर थडथडतात. छतावर लेसरचा हिरवा पट्टा फिरतो. आणि एवढं लहान मूल दचकतं म्हणजे काय होतं, तर दोन्ही हात एकदम फाकतात, बोटं ताठ होतात आणि मग हात थरथरत छातीशी गोळा होतात. रडू त्यानंतर येतं. दर नव्या गाण्याला हेच. मी त्याचे कान तळव्यांनी झाकून मोरीत बसले, कारण आमच्या घरात रस्त्यापासून सगळ्यात लांब जागा तीच. जेवण तसंच राहिलं.

112 ला फोन केला. गाडी आली, हे मान्य करते. गाडी होती तोवर आवाज खाली. गाडी वळली की पुन्हा चालू. परत फोन केला तर पलीकडून, "कमी केलाय की आवाज, मॅडम. आता काय सणाला पोरांवर केस करायची व्हय?" आवाज मोजायचं यंत्र आणा म्हटलं, तर ते दुसऱ्या गाडीत होतं. दुसरी गाडी कुठं होती हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खरी गंमत सोमवारी सकाळी. मंडळाची दोन पोरं दारात हजर. उद्धट अजिबात नव्हती, उलट फार गोड बोलली. "वहिनी, फोन तुम्हीच केलासा न्हवं? वर्षातनं एकदाच असतंय. जरा सोसायचं की." माझं नाव त्यांना गणपतीनं स्वप्नात येऊन सांगितलं काय?

मंत्रिमहोदय, जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं धार्मिक स्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं आहे की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका आणि ती कळलीच तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सांगू नका. आणि ऑगस्ट 2025 पासून त्याच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आमच्या कोल्हापुरात बसतं. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यासाठी इथले वकील आणि लोक भांडले. निकाल देणारं न्यायालय गावात आलं, निकाल मात्र अजून प्रवासात असावा.

कायदा मला पाठ झालाय. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्र म्हणजे दहा ते सहा. राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबल, दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात 40. सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि सूट वेळेची, डेसिबलची नव्हे. माझ्या मोबाईलवर 97 दाखवत होता. फुकटचं ॲप आहे, दहा-बारा इकडंतिकडं धरा. आमचे चुलतसासरे म्हणाले, 45 च्या जागी 97, म्हणजे दुप्पट आणि वर थोडं, एवढं काय त्यात? डेसिबलचा हिशेब तसा नसतो. दर दहाला ताकद दहापट होते. 45 वरून 95 म्हणजे लाखपट. घासाघीस करून 85 वर आणलंत तरी दहा हजारपट. मी एका पेढीवर हिशेब लिहिते, दहा हजारपटीची चूक माझ्या वहीत निघाली असती तर मालकांनी त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

घरी काय करायचं ते आम्हाला सगळ्यांनी सांगून झालंय. बालरोगतज्ज्ञांनी एक कागद दिला. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी दिवे मंद, कोमट पाण्यानं अंग पुसणं, दूध, तीच अंगाई, आणि डोळे जड झाले की जागा असतानाच अंथरुणावर ठेवायचं. पाठीवरच झोपवायचं, गादी टणक, उशी नको, तोंडाजवळ गोधडी-दुपटं नको. रात्री पाजताना मोठा दिवा नाही, गप्पा नाहीत, मोबाईल तर नाहीच. सकाळी उजेडात न्यायचं. कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बाळाच्या शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे उमगायला लागतं. सगळं केलं. सासूबाईंना झोळी बांधायची होती, डॉक्टरांचं नाव पुढं करून तोही वाद मोडला (अबोला अजून चालू आहे). मांडीवरचं पोर खाली ठेवल्यावर रडायचं, ते हळूहळू आपलं आपण झोपायला लागलं होतं. एका रविवारनं सगळ्यावर पाणी. आता खाली टेकवलं की डोळे उघडतो.

त्या कागदावर गल्लीत बेस वाजत असताना काय करायचं ते छापलेलं नाही. डॉक्टर त्यांच्या कक्षेतलं सांगतात, आम्ही आमच्या उंबऱ्याच्या आतलं करतो. उंबऱ्याबाहेरची रात्र आपल्या ताब्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला चोवीस तासांत 14 ते 17 तास झोप हवी, त्यानंतर वर्षापर्यंत 12 ते 16. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. दहात एक लहान मूल धरलं तरी पन्नास हजार पोरं झाली. एवढ्यांची झोप मोडायला मंडळाला परवानगीचा एक कागद लागतो. आणि तो कागदही, मला खात्री आहे, दहापर्यंतचाच असतो.

लगेच कुणी मला धर्मबुडवी ठरवू नये. गौरी-गणपती आमच्याही घरात बसतात. भोंगा कुणाचा, लग्नाची वरात कुणाची, वाढदिवसाला रात्री बाराला फटाके लावणारा नेता कुठल्या पक्षाचा, यानं बाळाला फरक पडत नाही. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अख्ख्या रस्त्याला गाणी ऐकवत पहाटे दोनला जातात. त्यांना कुठल्या जयंतीची सूट असते?

थोरलीचं तर वेगळंच. ती दुसरीत आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस जाहीरपणे म्हणाले की मुलांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदला. 8 फेब्रुवारी 2024 ला शासननिर्णय निघाला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. आम्ही आनंदलो. थोरलीच्या शाळेची घंटा आजही सव्वासातला होते. रिक्षामामा साडेसहाला हॉर्न देतात. शाळेत विचारलं तर इमारत एक, सत्रं दोन, शिवाय ‘अडचण असलेल्या शाळांना’ वाट ठेवलेलीच आहे. महाराष्ट्रात अडचण नसलेली शाळा मला कुणी दाखवावी! सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते म्हणतात. म्हणजे माझ्या लेकीनं रात्री साडेआठला झोपायला हवं. रविवारी ती दीडला झोपली आणि सोमवारी सकाळी रिक्षात बसून पेंगली.

1917 साली शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. हुकूम निघाला की अंमल व्हायचा. भाषणात आपण सगळेच या शाहूनगरीला वंदन करून सुरुवात करता, म्हणून आठवण दिली. 2024 च्या हुकमासाठी कुठल्या शाळेला रुपयाचा तरी दंड झालाय का, तेवढं कळवावं.

आता आईबापांचं. यजमान फौंड्रीत, पाळी बदलती. रात्रपाळी करून आला माणूस दिवसा झोपणार कुठं, तर त्याच गल्लीत. वितळलेल्या लोखंडापाशी उभं राहायचं काम आहे, तिथं डुलकी परवडत नाही. मला सोमवारपासून पेढीवर हजर व्हायचंय. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण दुकानात दहा माणसं असली तर. आम्ही सातजण. म्हणजे सात माणसांच्या दुकानातल्या बाईचं बाळंतपण लवकर उरकतं, असं सरकारचं मत दिसतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर येतात, खोटं कशाला बोलू. ते परत घ्या आणि दहानंतर शांतता द्या, असा काही पर्याय अर्जात आहे का?

माझा भाऊ गावाकडं ऊस करतो. त्याच्या घरी डीजे नाही, तरी त्याची रात्रही मोडलेली, कारण शेतीची वीज पाळीपाळीनं रात्री येते. अडीचला उठून बॅटरी घेऊन मोटर चालू करायची, पाणी फिरवायचं, सापाला जपायचं. त्याच्याही घरात दोन वर्षांचं पोर आहे, बाप उठला की तेही उठतं. दिवसा दहा तास वीज द्या म्हणून 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी इथं महावितरणच्या दारात बसले होते. पुढं सौर वाहिनीच्या योजना आल्या, मोठमोठे फलक लागले. भावाची बॅटरी अजून उशाला असते. आणि त्याचा ऊस तोडायला बीडकडून येणारी जोडपी? ती तर तान्ही लेकरं खोपीतून उचलून पहाटेच्या थंडीत फडात नेतात. त्यांच्या झोपेबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही.

म्हणूनच खातं कोरं ठेवलं. आवाज पर्यावरण खात्याकडे, पोलीस गृहखात्याकडे, शाळेची घंटा शिक्षणाकडे, वीज ऊर्जेकडे, रजा कामगार खात्याकडे आणि बाळ महिला व बालविकासाकडे. झोप कुणाकडेच नाही. आपण मंत्रिमंडळात शेजारीशेजारी बसता, आपसात ठरवा आणि हे पत्र ज्याचं त्याला द्या.

सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली आवाजाबद्दल सविस्तर निकाल दिला. ते प्रकरण न्यायालयात गेलं त्याला निमित्त होतं तेरा वर्षांच्या एका मुलीवरच्या अत्याचाराचं, लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिची हाक कुणाला ऐकूच गेली नव्हती. कानठळ्या बसवणं हा आनंदाचा हक्क नाही, हे त्यानंतर देशाला वेगळं सांगायला नको होतं. वीस वर्षं झाली. आम्ही अजून पोरांच्या कानात कापूस घालतोय.

मागणं फार नाही. सूट दिलेले पंधरा दिवस कोणते, ते प्रत्येक पोलीस चौकीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. मिरवणुकीबरोबर आवाज मोजणारं यंत्र चालू द्या आणि दहाला मुख्य स्विच पोलिसाच्या हातानं बंद होऊ द्या, विनंतीनं नको. तक्रार करणारीचं नाव फोडणाऱ्याला विचारा की का फोडलं. नऊची शाळा नऊला भरवा. आणि शांतता समितीत एक तरी बाळंतीण घ्या, नुसते अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष नकोत.

विसर्जन अजून व्हायचंय. उत्तर त्याच्या आधी यावं. "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे" असं लिहिणार असाल तर तिकीट वाया घालवू नका, ती कार्यवाही दारात येऊन "वहिनी" म्हणते.

आपली,
कोल्हापूरच्या एका पेठेतली आई
(नाव देत नाही. चौकीत विचारा, तिथं सगळ्यांना माहीत आहे.)