मनीला दुधनेपल्याड सोडू नका

ती. आई-बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमत नाही म्हणून लिहायला बसले. बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई, तू ऐकून घेत नाहीस. पत्र चष्मा लावून निवांत वाचता येतं आणि मधेच कुणी फोन ठेवून देत नाही. लेकरू आत्ता दूध पिऊन झोपलंय, सासूबाई जवळ बसल्यात, तेवढी सवड आहे.

मुद्दा मनीचा. शेजारच्या काकूंनी तुला सांगितलं की तान्हं लेकरू घरात येणार असेल तर मांजर आधी बाहेर काढा, ते झोपेत लेकराचा श्वास ओढून घेतं. पोत्यात घाला, दुधनेपल्याड नेऊन सोडा, नदी ओलांडली की परत येत नाही. आणि बाबांनी म्हणे यावर हं की चूं केलं नाही, मनीला मांडीवर घेऊन पेपर वाचत राहिले. मला ही दोन्ही टोकं नको आहेत. मनी राहू द्या, तिची पिल्लंही सध्या राहू द्या. पण लेकरू ज्या खोलीत झोपेल तिथं तिचं पाऊल पडता कामा नये, आणि मनीजवळ लेकराला एकटं सोडायचं नाही, अगदी पाणी प्यायला उठायचं असलं तरी.

श्वासाचं आधी सांगते. मांजर श्वास-बीस काही ओढत नाही. त्याला ऊब लागते. म्हणून तर मनी बाबांच्या मांडीवर, चुलीच्या वैलाशी नाहीतर वाळून आणलेल्या कपड्यांच्या ढिगावर सापडते. तान्ह्या लेकराच्या अंगाला ऊब असते आणि तोंडाला दुधाचा वास. ती हुंगायला तोंडाशी जाणार, मग तिथंच अंग दुमडून बसणार. कुणीतरी कधीतरी हे पाहिलं आणि गोष्ट तयार झाली. मात्र काकूंच्या भीतीत एक दाणा खरा आहे. पहिले तीन-चार महिने लेकराला मान सावरत नाही. नाकातोंडावर काही आलं तर त्याला तोंड फिरवता येत नाही, हातानं ढकलता येत नाही. मग ते मांजर असो, उशी असो की जाड पांघरूण. मांजरामुळे असं होणं फार क्वचित, पण एक कडी लावून टळत असेल तर कडी लावावी. आई, तू शिवलेली वाकळ मी स्वतः पांघरेन. लेकराला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवायचं, उशाशी मऊ काही ठेवायचं नाही, असं इथल्या डॉक्टरांनी बजावलंय.

आता कडीचं. तू मधली खोली आमच्यासाठी काढून ठेवलीस, पण तिच्या दाराची खालची फळी कुजून केव्हाची गेलीय. मनीच्या आजीपासून सगळ्या मांजरी त्याच फटीतून आत-बाहेर करत आल्यात. बाबा, सुतार बोलावून तिथं एक पट्टी ठोकून घ्या. माळवदाच्या झरोक्याला आणि खिडकीच्या गजांना बारीक जाळी मारून घ्या. झरोका बुजवायचा नाही, खिडकीही लावून घ्यायची नाही, जाळीच पाहिजे. कारण आई, तू त्याच खोलीत शेगडी ठेवणार, ओवा-शेपाची धुरी देणार. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवली तर खोलीत जो वायू कोंडतो त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि त्यानं झोपेतली माणसं झोपेतच जातात. खरं सांगू, मला मनीपेक्षा त्या शेगडीची धास्ती जास्त आहे. शेक घ्यायचाच तर बाजेखाली घटकाभर, दार उघडं ठेवून, आणि झालं की शेगडी अंगणात. तेवढा वेळ दारात तू बसशील, म्हणजे मनीवरही लक्ष राहील. यावर तू चिडणार आहेस, चिड.

दादानं सेलूहून ती छत्रीची मच्छरदाणी आणली म्हणे. डासांना ठीक आहे. पण तिच्यामुळे मांजर अडतं असं समजू नका. मनीला ती झोळीच वाटणार, वरून उडी मारून बसायची आणि सगळा सांगाडा लेकरावर. आणि उन्हाळ्यात आपण सगळे अंगणात बाजा टाकतो, तिथं कसली कडी आणि कसली जाळी! यंदा मी आणि लेकरू आतच झोपू, कूलर लावून.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मांजर घालवलेलं काय वाईट? आत्ता सुगी झालीय. कोठीच्या खोलीत परभणी मोती ज्वारीची पोती माळवदाच्या तुळईपर्यंत लागली असतील. मनी नसली तर त्या खोलीत उंदरांचं राज्य. उंदरांच्या मागं साप येतो, हे तर बाबा तुम्हीच सांगता. उंदरांनी झोपलेल्या तान्ह्या लेकरांना कुरतडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचल्यात. दुसरं म्हणजे मनीची पिल्लं अजून अंगावर पितात. त्यांच्यासकट तिला अनोळखी शिवारात सोडायचं, म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे लहानपणी तूच आम्हाला भिववायला सांगायचीस ना? पोत्यात घालून सोडणं त्यात बसत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात तर उपाशी-तहानलं राहील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हाही गुन्हाच आहे.

काकूंना सांगायला तुला एक मुद्दा देते. तू पाचवीला सटवाई पुजतेस. तीच षष्ठी, तान्ह्या लेकरांची राखण करणारी. तिचं वाहन कोणतं, विचार त्यांना. मांजर! जिथं तिच्या मूर्ती आणि चित्रं करतात तिथं ती कडेवर लेकरू घेऊन मांजरावर बसलेली असते. काकूंचं तोंड बघायला मी तिथं पाहिजे होते.

मांजराच्या केसानं घटसर्प होतो, हे तुझं दुसरं म्हणणं. घटसर्प हा जिवाणूचा आजार, तो मुख्यतः एका माणसाच्या खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याला होतो. त्याच्यावर लस आहे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. सहाव्या आठवड्याची सुई मी तिकडं असतानाच येईल. आशाताईंना आधी सांगून ठेव, लसीकरणाचं कार्ड मी घेऊन येते. दम्याचं बोलशील तर बाधतो तो केस नव्हे, मांजराच्या थुंकीतलं आणि कातडीतलं एक प्रथिन. मांजर अंग चाटतं, ते प्रथिन केसांवर वाळतं आणि धुळीसारखं घरभर उडतं. म्हणून लेकराचे कपडे दोरीवरून काढले की लगेच पेटीत, मनीच्या हाती लागू द्यायचे नाहीत. अमेरिकेत डेट्रॉइटला एक अभ्यास झाला होता, 2002 साली छापून आला. पहिल्या वर्षी घरात दोन किंवा जास्त कुत्री-मांजरं असलेल्या मुलांना सहा-सात वर्षांचं होईस्तोवर अॅलर्जी कमी झालेली दिसली. बाबा खूश होतील म्हणून सांगितलं. पण सगळ्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही, तेव्हा एवढ्यावर मनीला लेकराच्या अंथरुणात घ्यायचं नाही.

पोटुशी असताना मी आले तेव्हा तू मला मनीला हातही लावू दिला नाहीस. त्यामागचं खरं कारण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी. बाईला त्याची लागण गरोदरपणात पहिल्यांदाच झाली तर तो पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो. तो मांजराला हात लावल्यानं येत नाही, त्याच्या विष्ठेतून येतो, आणि कच्च्या राहिलेल्या मटणातून, माती लागलेल्या भाजीतूनही येतो. लेकरू जन्माला आलं, माझ्यापुरतं ते संपलं. आता सांभाळायचं ते पोटुशा वहिनीला. परसातल्या राखेच्या ढिगाजवळ मनी जाते, ती घाण वहिनीनं काढायची नाही. दादानं रोज सकाळी फावड्यानं काढून खोल पुरावी. रोज म्हणजे रोजच, कारण ताज्या विष्ठेतला तो परजीवी लगेच लागत नाही, त्याला तयार व्हायला एखादा दिवस तरी लागतो. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यातही मनी उकरते. भाजी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय वहिनीच्या ताटात नको, आणि वाफ्यात हात घालायची कामं तिनं सध्या करू नयेत.

खरी काळजी रेबीजची. तो कुत्र्यापुरता नाही. मनी रात्री गावभर फिरते, एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्यानं तिला धरलं तर आपल्याला कळणारही नाही. म्हणून मी यायच्या आधी तिला लस टोचून आणा. सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा, तिथं मांजराची लस नसेल तर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. झाकणाच्या टोपलीत न्या, पिशवीत नको. त्याच खेपेला जंताचं औषधही घ्या, आणि तिच्या अंगावरच्या पिसवा दाखवा. त्या पिसवांमुळे मांजराच्या नखातून एक ताप माणसाला येतो, पिल्लांच्या नखातून जास्तच. नायटाही पिल्लांकडूनच यायचा. म्हणून पिल्लं कोठीच्या खोलीतच राहू द्या. दोन महिन्यांची झाली की ज्यांनी मागितलीत त्यांना देऊन टाका. आणि मनीची पिल्लं बंद व्हायची शस्त्रक्रिया कुठं होते, तेही तिथं विचारून घ्या.

एवढं करूनही कधी लेकराला ओरखडा निघाला, चावा बसला, तर ऐका. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. पट्टी न बांधता त्याच दिवशी सेलूच्या सरकारी दवाखान्यात. ही लस तान्ह्या लेकरालाही देतात, मांडीत. रक्त आलं असेल तर जखमेत आणखी एक सीरम टोचावं लागतं, ते आवर्जून विचारायचं. मांजर घरचीच आहे, दहा दिवस बघू, असं कुणी म्हणेल. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायचीच, पण सुई पहिल्या दिवशी.

बाबा, आता तुमचं. मनी तुमच्या मांडीवर बसते, त्याला माझी ना नाही. पण तिच्याजवळून उठून थेट नातवाला घ्यायचं नाही. साबणानं हात, आणि धोतराचं तुम्ही बघा, निदान वर एक धुतलेला पंचा टाका. लेकराची शी-शू असतेच, पंचे तसेही खूप लागणार आहेत.

दादा परवा लेकराला बघायला येतोय. तो माघारी जाताना त्याच्याबरोबर लेकराचं एक वापरलेलं दुपटं पाठवते, धुवू नका. ओसरीच्या कोनाड्यात मनीच्या नाकाशी येईल असं ठेवा. वासाची ओळख आधी झाली म्हणजे मांजर बिचकत नाही. पहिल्या दिवशी तिला लेकरापाशी ओढून आणू नका, दाराबाहेरून बघून जाईल ती. उलट लेकरू रडलं की ती माळवदावर पळेल, असं मला वाटतं.

बारसं झालं की आठवड्यानं आम्ही रेल्वेनं निघू. सेलू स्टेशनावर दादानं जीप आणावी, बाबांनी मोटारसायकल घेऊन येऊ नये. आई, डिंक आण, पण मेथीचे लाडू फार कडू करू नकोस.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. म्हशीच्या गोचिडावर फवारायचं जे औषध गोठ्यात आहे, ते पिसवा मारायला मनीच्या अंगाला चुकूनही लावू नका. त्यातलं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन म्हशीला पचतं, मांजराच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात आणि मांजर मरतं. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही नको. जनावरांच्या डॉक्टरला मांजरासाठीच म्हणून सांगून घ्या, आणि ते लावलेल्या दिवशी तिला मांडीवर घेऊ नका.